फक्त बघायचं, हात लावायचा नाही

सकाळी घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर भाच्याने 'टॉय स्टोरी ५'चा, म्हणजे त्या जिवंत खेळण्यांच्या कार्टून सिनेमाच्या पाचव्या भागाचा, टीझर टाकला. पाच मिनिटांत लाल बदामांची रांग. दादा, वहिनी, चुलत भावंडं, आणि ज्यांनी आयुष्यात एक कार्टून शेवटपर्यंत बघितलेलं नाही ते आमचे काकासुद्धा. मी आपलं एवढंच लिहिलं, "कशाला?" तर वहिनीचं उत्तर, "तुला हल्ली काहीच आवडत नाही गं." आणि भाचा, ज्याला मी मांडीवर बसवून पहिला भाग दाखवला, तो मला सांगतोय, "आत्या, नॉस्टॅल्जिया आहे, चिल!"

ग्रुपवर वाद घालायचा नाही असं आईला कबूल केलंय. म्हणून इथे घालते. ज्यांना राग येईल त्यांनी खुशाल यावा.

मला पाचवा भाग नकोय. सहावा नको, सातवा नको, बझ नावाचं खेळणं ज्या अंतराळवीरावरून बनलं त्याची वेगळी गोष्ट नको (ती २०२२ला 'लाइटइयर' नावाने आली आणि आपटली, आठवतंय ना?). आणि हे मी ती मालिका आवडत नाही म्हणून म्हणत नाहीये. उलट. तुम्हा सगळ्यांना माहितीये मी वुडीसाठी, त्यातल्या काउबॉय बाहुल्यासाठी, किती वेडी आहे ते. माझ्या लॅपटॉपवर अजून स्टिकर आहे.

दुसरा भाग आठवा. १९९९चा. तो अ‍ॅल नावाचा जाड्या, खेळण्यांच्या दुकानाचा मालक, गराज सेलमधून वुडीला ढापतो. का? तर वुडी, जेसी, बुलसाय आणि तो म्हातारा प्रॉस्पेक्टर असा जुन्या खेळण्यांचा पूर्ण संच जपानच्या म्युझियमला विकायचा असतो. मग वुडीला दुरुस्त करायला एक म्हातारबाबा येतात. काय सीन आहे तो! उसवलेला हात शिवतात, डोळे पुसतात, गालांवर रंग मारतात, आणि शेवटी बुटाच्या तळव्यावर अँडीने, म्हणजे वुडी ज्याचं खेळणं त्या मुलाने, लिहिलेलं स्वतःचं नाव ब्रशच्या एका फटकाऱ्यात पुसून टाकतात. काम झाल्यावर अ‍ॅलला बजावतात की हा आता फक्त मांडून ठेवायचा, फार हाताळलात तर टिकणार नाही.

सगळी गोष्ट तिथेच आहे. वुडीसमोर दोन रस्ते असतात. काचेच्या आत राहिलास तर कायम टिकशील. अँडीकडे गेलास तर तो मोठा होणार, कॉलेजला जाणार, तुला विसरणार. प्रॉस्पेक्टर तोंडावर सांगतो त्याला हे. आणि तो प्रॉस्पेक्टर कोण, तर जो जन्मात खोक्याबाहेर आलेला नाही, ज्याच्याशी कोणी कधी खेळलेलं नाही. वुडी काय करतो? बुटावरचा रंग खरवडून काढतो. खाली अँडीचं नाव असतं. तो घरी जातो. संपायला जातो, माहीत असून.

आता मला सांगा, पाचवा भाग काढणारे वुडीच्या बाजूचे की अ‍ॅलच्या?

मला हे इतकं लागतं त्याला कारण आमच्या सांगलीच्या घरातलं शोकेस आहे. तुमच्याकडेही असणार. सनमायका, सरकत्या काचा, आत कप-बशांचा सेट जो कधीच वापरायचा नाही, प्लॅस्टिकचा ताजमहाल, शिंपल्यांचा गणपती. आणि मधल्या कप्प्यात, सगळ्यांना दिसेल अशी, अमेरिकेच्या काकांनी आणलेली लाल रिमोटची जीप. खोक्यासकट. खोक्याला पुढून पारदर्शक कागद होता, त्यातून तिची पुढची दोन चाकं आणि दिवे दिसायचे. किल्ली आईच्या जुडग्यात. पाहुणे आले की जीप बाहेर यायची, कौतुक व्हायचं, परत आत जायची. दादा आणि मी काचेला नाक लावून बसायचो. आई म्हणायची, "फक्त बघायचं, हात लावायचा नाही. मोठे झालात की देईन."

आम्ही खेळलो कशाशी, तर मिरजेच्या उरुसातून आणलेल्या पत्र्याच्या बंबाशी. त्याची शिडी पहिल्याच आठवड्यात तुटली. पुढे चाक गेलं, मग दादाने बाटलीचं बूच लावलं. त्या बंबाने आमच्या अंगणात किती आगी विझवल्या सांगता सोय नाही. तो कधी संपला, कुठे गेला, आठवतसुद्धा नाही. खेळणं असंच जायला हवं.

बरं, आता कोणीतरी म्हणणार की मग तिसरा भागही नको होता. हो, आला तेव्हा मीही जरा बिचकतच गेले होते. अकरा वर्षांनी आला होता. पण तिसऱ्या भागाने काय केलं? ज्याची भीती दुसऱ्या भागभर घातली होती ते खरं करून दाखवलं. अँडी सतरा वर्षांचा झाला, कॉलेजला निघाला. आणि शेवटी बॉनी नावाच्या छोट्या मुलीच्या अंगणात बसून एकेका खेळण्याची ओळख करून देतो तो. ही जेसी, हा रेक्स. खोक्याच्या तळाशी वुडी निघतो, बॉनी हात पुढे करते आणि अँडी त्याला पटकन मागे घेतो. अर्धा सेकंद. मग देतो.

पुण्यात सिंगल स्क्रीनला बघितला होता मी. पंचविशीची घोडी, ओढणीने नाक पुसत होते. शेजारी बसलेले एक आजोबा नातवाला घेऊन आले होते, नातू पॉपकॉर्न खातोय आणि आजोबा चष्मा काढून बसलेत. त्या अर्ध्या सेकंदासाठी पंधरा वर्षं लागली होती, १९९५ ते २०१०. ज्यांनी पहिला भाग लहानपणी बघितला ते अँडीबरोबरच मोठे झाले. अँडीचा आवाजसुद्धा त्याच मुलाचा, जॉन मॉरिसचा. पहिल्या भागात पोरगा होता, तिसऱ्यात बाप्या. हे पुन्हा जमवून आणता येत नाही हो. कितीही कॉम्प्युटर लावा.

लिहिता लिहिता जरा शांत झाले होते. पण पुढचं आठवलं आणि परत डोकं सटकलं.

चौथा भाग. २०१९. बॉनी वुडीला कपाटात टाकते, त्याचा शेरीफचा बिल्ला काढून जेसीला लावते. शेवटी वुडी सगळ्यांना सोडून बो पीप नावाच्या बाहुलीबरोबर निघून जातो. म्हणजे अँडीने जीव तोडून ज्या मुलीच्या हातात त्याला दिलं, तिला दोन दिवसांत कंटाळा आला. तिसऱ्या भागात आम्ही रडलो ते काय उगाच? हां, फोर्की गोड आहे, कबूल. कचऱ्यातल्या चमच्याला आपण खेळणं आहोत हेच पटत नाही, सारखा कचऱ्याच्या डब्याकडे पळतो, हे भारीच सुचलं. पण फोर्कीसाठी वेगळी छोटी फिल्म पुरली असती ना!

आणि एवढं करून वुडीचा निरोप घेतला, तर आता पाचव्यात तो परत येतोय. म्हणजे दोन निरोप, दोन्ही परत घेतले. आमच्याकडे लग्नाला आलेले पाहुणे निघताना दारात तासभर बोलत उभे राहतात, तेसुद्धा शेवटी रिक्षात बसतात.

पाचव्याची घोषणा कशी झाली ते ठाऊक आहे का? फेब्रुवारी २०२३, डिस्नेचे तेव्हाचे प्रमुख बॉब आयगर गुंतवणूकदारांना तिमाहीचा हिशोब सांगत होते. त्याच दिवशी सात हजार नोकऱ्या कमी करणार असं सांगितलं आणि त्याच दिवशी 'टॉय स्टोरी', 'फ्रोझन' आणि 'झूटोपिया'चे पुढचे भाग जाहीर केले. कोणाला गोष्ट सुचली म्हणून नव्हे. बॅलन्स शीटला सुचली म्हणून.

त्या सात हजारांत पुढे पिक्सारचे, म्हणजे 'टॉय स्टोरी' बनवणाऱ्या डिस्नेच्याच स्टुडिओचे, पंच्याहत्तर लोक गेले. त्यात गॅलिन सुसमन होत्या. नाव ऐकलं नसेल, म्हणून सांगते. १९९८ साली दुसऱ्या भागाचं काम चालू असताना कोणीतरी चुकीची कमांड दिली आणि कॉम्प्युटरवरून अख्खा सिनेमाच पुसला जायला लागला. पात्रं, सेट, सगळं. बॅकअप बघायला गेले तर तोही नीट नाही. ह्या बाई तेव्हा बाळंत होऊन घरून काम करत होत्या, त्यामुळे त्यांच्या घरच्या मशीनवर एक प्रत होती. ती मशीन ब्लँकेटांत गुंडाळून गाडीतून स्टुडिओत आणली. तिच्यावरून सिनेमा वाचला. त्या बाईंना २०२३मध्ये घरी बसवलं. 'लाइटइयर'च्या निर्मात्या त्याच होत्या आणि तो पडला, हे खरं. पण मला नका सांगू 'नॉस्टॅल्जिया'. ज्यांना त्या सिनेमाबद्दल खरीच माया असती त्यांनी तिला ठेवलं असतं आणि पाचवा भाग सोडला असता.

आता विषयाबद्दल. बॉनीला टॅब्लेट मिळतो, बेडकाच्या आकाराचा, लिलीपॅड नाव, आणि खेळणी पडतात बाजूला. मान्य आहे, विषय आजचा आहे. माझा लेक ताट पुढ्यात आलं की आधी "मोबाईल कुठाय" विचारतो, मला काय सांगता. आणि दिग्दर्शक अँड्र्यू स्टँटन आहेत, पहिल्या भागाच्या लेखनापासूनचा माणूस, कोणी ऐरागैरा नाही. चांगला होईलही कदाचित. पण मग हीच गोष्ट नव्या खेळण्यांची करा ना! दुसरं घर, दुसरी मुलगी, एखादं कापडी माकड. वुडीला का ओढता त्यात? कारण वुडी असला की तिकीट खपतं. काचेच्या मधल्या कप्प्यात ठेवलाय त्याला, सगळ्यांना दिसेल असा.

जीपचं काय झालं ते राहिलंच. २००५च्या पुरात कृष्णेचं पाणी घरात शिरलं, शोकेसच्या खालच्या दोन कप्प्यांपर्यंत आलं. मधला कप्पा वाचला, पण ओलीने खोकं फुगलं, कागद सुटला. मग आईने स्वतः जीप बाहेर काढली आणि दादाच्या हातात दिली. "घे रे, खेळ." दादा तेव्हा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. त्याने मागचं झाकण उघडलं तर काकांनी दाखवायला घातलेले सेल आत फुटून हिरवट खरवड झाली होती. टायरचं रबर बोटांना चिकटत होतं. त्याने नवे सेल घालून बघितले, रिमोट दाबला, काही नाही. आईचा चेहरा बघवत नव्हता. तिनेही वाईट हेतूने थोडंच ठेवलं होतं? महाग वस्तू, अमेरिकेची, परत कुठे मिळणार. तिला वाटलं जपतोय आपण. आत्ता ती शेजारच्या खोलीत मालिका बघतेय, आणि तिला विचारलं तर म्हणते, "तुम्ही पहिल्याच दिवशी मोडली असती." हो! तेच तर!

पण आईला फायदा काही नव्हता त्यात. डिस्नेला आहे. हा फरक लक्षात घ्या आणि मग बदाम टाका.

एक गोष्ट मात्र मला आवडत नसूनही लिहावी लागतेय. हे लोक पुढचे भाग काढतात कारण आपण तेच बघतो. 'इनसाइड आउट २'ने २०२४मध्ये जगभर दीड अब्ज डॉलरहून जास्त कमावले. पुढच्याच वर्षी जूनमध्ये त्याच पिक्सारचा 'एलियो' आला. नवा मुलगा, नवी गोष्ट, आईबाप गेलेलं पोर ज्याला परग्रहावरच्यांनी उचलून न्यावं असं वाटतं. पिक्सारच्या इतिहासातली सगळ्यात वाईट सुरुवात झाली त्याची. आम्ही गेलो होतो, मी आणि लेक, रविवारी दुपारी. थिएटरात आम्ही, पुढे एक कुटुंब, आणि एसी. लेकाला ग्लॉर्डन नावाचा तो बिनडोळ्यांचा अळीसारखा एलियन इतका आवडला की घरी येऊन पांघरुणात गुंडाळून तसाच सरपटत होता. सगळ्या ग्रुपला सांगितलं, जा, बघा. कोणी गेलं? वहिनी, तू गेलीस? दादा? ओटीटीवर येईल की, हेच ना उत्तर?

मग पाचवा भाग येणारच. सहावाही येईल. मी कितीही बोंब मारली तरी.

तर आता बदाम टाकणाऱ्यांना एक काम सांगते. मार्च २०२६मध्ये पिक्सारचा 'हॉपर्स' येतोय. एक मुलगी रोबोट बीव्हरमध्ये शिरून प्राण्यांशी बोलते. मागे कुठलाही भाग नाही, वुडी नाही, रडायला ठेवलेलं जुनं काही नाही. चांगला असेल की फालतू, मला माहीत नाही. पहिल्या आठवड्यात पोरांना घेऊन जा आणि ग्रुपवर तिकिटाचा फोटो टाका. जूनमध्ये येणाऱ्या 'टॉय स्टोरी ५'चं नंतर बघू, त्याला तुमच्यावाचून काही अडणार नाहीये.