पॅनल नको, टॅब द्या

आमच्या गावच्या मुंबईकर मंडळाने यंदा जिल्हा परिषदेच्या शाळेला भिंतीएवढा टचस्क्रीन पॅनल द्यायचं घाटलंय. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लगेच दोन तट पडले. एकांचं म्हणणं, पोरं व्हॅनमधून तालुक्याच्या इंग्रजी शाळेत जातात, ती थांबवायची तर आपली शाळा डिजिटल दिसली पाहिजे. दुसऱ्यांनी बातमी टाकली की स्वीडनने स्क्रीन बाजूला सारून पुन्हा पुस्तकं आणली, मग आपण कुठे निघालो? मी राहतो स्वीडनमध्ये, त्यामुळे साक्षीला मला ओढलं.

बातमी खरी आहे, पण अर्धीच. 2023 मध्ये इथल्या सरकारने पाठ्यपुस्तकांसाठी 685 दशलक्ष क्रोनर दिले आणि बालवाडीत डिजिटल साधनांची सक्ती नको असं ठरवलं. लहान मुलांनी छापील पुस्तक वाचावं, हाताने लिहावं, हा त्यामागचा आग्रह. पण वर्गातून संगणक हद्दपार झालेला नाही. माझ्या मुलीच्या बाई आजही प्रोजेक्टर लावतात, काम झालं की बंद करतात. शिवाय इथे मुलीच्या इयत्तेला स्वतंत्र बाई आहेत. शिक्षक आणि मूल यांच्या मध्ये स्क्रीन येऊ लागला, ही इथली तक्रार.

आमच्या गावात स्क्रीनने मध्ये यावं इतके शिक्षक तरी कुठे आहेत? पाच इयत्ता, एक गुरुजी, एक बाई. बाई पाचवीला अपूर्णांक समजावतात तेव्हा तिसरी-चौथीला काम काय, तर पाढे लिहा. पाढे लिहून झाले की पुन्हा पाढे. कोकणातल्या कमी पटाच्या कितीतरी शाळांचं हेच रडगाणं आहे. अशा खोलीत पॅनल लावला, तर पाचवीचा व्हिडिओ तिसरीही आ वासून बघणार आणि दोघींचाही अभ्यास राहणार. त्यापेक्षा पाच-सहा टॅब, त्यात आधीच उतरवून ठेवलेला सराव, आणि कोण कुठे अडलं हे बाईंना दाखवणारं सॉफ्टवेअर द्या. दिल्लीत शाळेनंतरच्या वर्गांत असा प्रयोग झाला होता. मूल कितवीत आहे हे न बघता त्याला खरोखर जमतं तिथून गणितं दिली, सोबतीला शिकवणारं माणूस ठेवलं, आणि काही महिन्यांतच गणित-हिंदीत चांगला फरक दिसला. त्याचा अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झालाय.

सगळंच टॅबवर नको. खाडीकाठच्या पोरांना उधाणाची मोठी भरती कधी, भांगाची लहान भरती कधी हे कुणी शिकवावं लागत नाही. भरती रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते, हे त्यांना बापाच्या जाळ्यामुळे ठाऊक असतं. दिसत नाही ते त्यामागचं कारण. पृथ्वीची एक फेरी होईपर्यंत चंद्र थोडा पुढे गेलेला असतो, त्याला गाठायला ती 50 मिनिटं लागतात. एवढ्यापुरतं बाईंनी तीन मिनिटांचं चलचित्र दाखवावं आणि मग पोरांना जेटीवर न्यावं. बालभारतीच्या पुस्तकांतले क्यूआर कोड आणि सरकारचं धड्यांचं दीक्षा अ‍ॅप फुकट आहेत, त्यासाठी भिंत अडवायला नको.

खर्चाचंही बोलू. जून ते सप्टेंबर भिंतींना ओल, वर्षभर खारी हवा, आणि वाऱ्याची झुळूक आली की वीज गुल. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा दापोली-मंडणगडकडच्या गावांनी किती दिवस अंधारात काढले, हे ग्रुपवरच्या सगळ्यांना आठवतंय. तरी देणगीच्या यादीत इन्व्हर्टर नाही, दुरुस्तीला पैसे नाहीत. बाईंना पोषण आहाराची नोंद, ऑनलाइन माहित्या यांतून सवड मिळत नाही, आणि पॅनल शिकायला कुणी एक दिवस देणार नाही. ‘आम्हाला शिकवू द्या’ म्हणत शिक्षक मोर्चे काढतात, ते काही हौसेने नाही.

मी हे ग्रुपवर लिहिलं. खजिनदार काकांनी एकच विचारलं, “पॅनलखाली देणगीदारांची पाटी लागते, टॅबवर नावं कुठे घालायची?” माझी वर्गणी इन्व्हर्टर आणि तीन वर्षांच्या दुरुस्तीसाठी, असं मी कळवलंय. पाटी हवीच असेल तर इन्व्हर्टरवर लावा.