‘खांद्याचं हाड तासलं नाही तर हात जाईल’ म्हणे!

मुलुंडची मावशी खांद्याच्या ऑपरेशनसाठी एफडी मोडायला निघाली, तेव्हा कळलं की तो फॉरवर्ड तिच्या भिशीच्या ग्रुपपर्यंतही पोचलाय. मजकूर असा: हात वर करताना खांदा दुखतो म्हणजे ‘इम्पिंजमेंट’. वरच्या हाडाला टोक फुटतं आणि ते आतली शीर करवतीसारखं कापतं. तीन महिन्यांत दुर्बिणीतून हाड तासून घ्या, नाहीतर हात कायमचा लुळा. व्यायामाने घर्षण वाढतं, इंजेक्शनने हाड पोकळ होतं, एमआरआयमध्ये काही दिसलं तर थांबूच नका.

आधी ती करवत. हाड कंडरेला (स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या दोरीला, फॉरवर्डमधली ‘शीर’ तीच) घासतं म्हणून ते तासायचं, हा विचार अमेरिकी सर्जन चार्ल्स नीअर यांनी १९७२ साली मांडला. पटण्यासारखा होता, म्हणून ऑपरेशन जगभर रुजलं. नीट तपासायला मात्र चार दशकं उलटली. ब्रिटनमधल्या ३२ रुग्णालयांत ३१३ रुग्णांवर झालेली चाचणी २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये आली. सगळ्यांचा खांदा किमान तीन महिने दुखत होता, व्यायाम आणि इंजेक्शन करून झालं होतं. म्हणजे फॉरवर्डच्या हिशेबाने हात जायच्या बेतात असलेलेच लोक! काहींचं हाड तासलं. काहींच्या खांद्यात नुसती दुर्बीण घालून बाहेर काढली, हाडाला हात लावला नाही. उरलेल्यांचं ऑपरेशनच केलं नाही. सहा महिन्यांनी पहिल्या दोन गटांत फरक शून्य. तिसऱ्यापेक्षा ते किंचित बरे, पण रोजच्या जगण्यात जाणवेल इतके नाहीत. आणि दुखणं त्या तिसऱ्या गटातही कमीच झालं. लुळे हात कुठे गेले मग?

एमआरआयचं थोडक्यात: साठीनंतर ज्यांचा खांदा कधीच दुखला नाही, अशांच्याही रिपोर्टात ‘टेअर’, म्हणजे कंडरेतली चीर, सापडते. उपचार माणसावर करायचे असतात, फिल्मवर नाही.

इंजेक्शनबाबत अर्धी गोष्ट खरी आहे, नाइलाजाने मान्य करतो. स्टिरॉइडचा आराम थोड्या काळाचा असतो, वारंवार घेतलं तर कंडरा कमजोर होऊ शकते, मधुमेह्यांची साखर काही दिवस चढते. पण ‘हाड पोकळ’? एखाद्या इंजेक्शनने नाही.

व्यायामाने खांदा झिजतो, हे तर उलटंच. फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली हळूहळू वाढवलेला व्यायाम हाच पहिला उपचार, आणि तो निदान तीन महिने नेमाने करायचा. आठवडाभर रबरबँड ओढून ‘फरक पडला नाही’ म्हणायचं नाही. करताना थोडं दुखलं तरी चालतं.

ऑपरेशन लागतंच नाही असं मात्र कुणी समजू नये. लोकलमधून उतरताना पडलात, हातावर आपटलात आणि त्यानंतर हात उचलताच येईना, तर कंडरा पूर्ण तुटलेली असू शकते. ती शिवायची असेल तर उशीर महागात पडतो. तेव्हा तीन महिने व्यायाम करत बसायचं नाही, त्याच आठवड्यात हाडांच्या डॉक्टरांना दाखवायचं. केईएम किंवा सायनची ओपीडीही चालेल. खांदा निखळला, किंवा तापाबरोबर लाल होऊन सुजला, तर त्याच दिवशी.