निफाडकर भाऊंना उत्तर: दोन लॅब, दोन आकडे

निफाडकर भाऊ, नमस्कार.

वीर्यतपासणीवरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया वाचली. ती लांब आहे, म्हणून मागून येणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. एका लॅबने तुमचा शुक्राणूंचा काउंट ९ मिलियन सांगितला आणि तीन आठवड्यांनी दुसरीने २२. त्यावरून तुमचं म्हणणं असं, की ही तपासणीच थोतांड आहे. नॉर्मलची रेघ हे लोक सोयीने वरखाली करतात आणि माणसाला घाबरवून आयव्हीएफच्या दारात नेऊन उभं करतात. द्राक्षबागेत औषध फवारताना घ्यायच्या काळजीबद्दल मी लिहिलेल्या दोन ओळींनी बागाईतदारांची बदनामी झाली, हा तुमचा आणखी एक आक्षेप. आणि शेवटी, एका बाईने हे असं उघड लिहिणं शोभत नाही.

रागात का होईना, तुम्ही दोन्ही रिपोर्टांतले सगळे आकडे टाकलेत. बहुतेक जण फक्त काउंट सांगतात आणि तिथेच फसतात. काउंट असतो दर एमएलमागे. तुमच्या पहिल्या नमुन्यात वीर्य होतं ३.६ एमएल, दुसऱ्यात १.३. आता गुणाकार करा. ९ गुणिले ३.६ म्हणजे ३२.४ मिलियन. २२ गुणिले १.३ म्हणजे २८.६ मिलियन. एकूण शुक्राणू दोन्ही वेळा तिशीच्या आसपासच आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुस्तकात एकूण संख्येची खालची मर्यादा ३९ मिलियन दिलीय आणि तुमचे दोन्ही नमुने तिच्याखाली थोडेसेच आहेत. म्हणजे ज्या दोन लॅब एकमेकींना खोटं पाडताहेत असं तुम्हाला वाटलं, त्या जवळजवळ एकच गोष्ट सांगताहेत. ज्या रिपोर्टने तुम्ही सुटकेचा श्वास सोडलात, त्यात तर एकूण आकडा किंचित कमीच आहे.

मग १.३ एमएलच का भरलं? दुसऱ्या वेळी डबीत सगळं आलं होतं का, की शेवटचा भाग बाहेर सांडला? हे विचारताना मला संकोच वाटत नाही, तुम्हीही उत्तर देताना मानू नका. स्खलनाच्या पहिल्या भागात शुक्राणू दाट असतात. नंतर येतो तो बराचसा शुक्राशय या ग्रंथीतला स्राव. पहिला भाग सांडला तर काउंट उगाच कमी दिसतो, शेवटचा सांडला तर वीर्य कमी आणि काउंट दाट दिसतो. तुमचा दुसरा रिपोर्ट मला या दुसऱ्या प्रकारातला वाटतो. शिवाय संबंधात किती दिवसांचं अंतर होतं, हे दोन्ही रिपोर्टांवर लिहिलेलंच नाही. ते दोन ते सात दिवसांच्या मधलं हवं आणि दोन नमुन्यांची तुलना करायची तर दोन्ही वेळा साधारण सारखं हवं. लॅबने हे विचारलं नसेल तर तो दोष लॅबचाच, तिथं मी तुमच्या बाजूची आहे.

हालचालीच्या आकड्यांवर तर तुम्ही चिडलाच आहात. पुढे सरकणारे शुक्राणू पहिल्या वेळी १२ टक्के आणि दुसऱ्या वेळी ३६. पण तुम्हीच लिहिलंय की पहिला नमुना घरी घेतला आणि जानेवारीतल्या सकाळी दुचाकीवर, जर्किनच्या बाहेरच्या खिशातून नाशिकला आणला. भाऊ, निफाडचा जानेवारी मी तुम्हाला सांगायचा? थंडीने मणी तडकू नयेत म्हणून बागेत शेकोट्या पेटवता तुम्ही! नमुना २० ते ३७ अंशांत राहायला हवा आणि तासाभराच्या आत, जमल्यास अर्ध्या तासातच, तपासायला सुरुवात व्हायला हवी. गारठ्यात आणि उशिराने हालचाल मंदावते, संख्या मात्र तीच राहते. तुमच्या दोन रिपोर्टांत नेमकं हेच दिसतं. लांबून येणाऱ्यांनी लॅबमध्येच नमुना द्यावा हे उत्तम. तिथं अवघडल्यासारखं होतं, दाराबाहेर कोणीतरी ताटकळतंय असं वाटत राहतं, हे मान्य. घरूनच आणायचा तर डबी शर्टाच्या आत, अंगालगत ठेवा. साधा निरोध किंवा तेल-क्रीम वापरू नका, त्याने शुक्राणू मरतात.

आता मोजणीबद्दल, कारण इथं तुमचा संशय अगदीच वावगा नाही. वेलींवरचे घड मोजून मालाचा अंदाज बांधताना दोन वेली मोजल्या काय आणि चाळीस मोजल्या काय, फरक पडतो की नाही? सूक्ष्मदर्शकाखाली तेच आहे. ४०० शुक्राणू मोजले तर निव्वळ योगायोगाने होणारी चूक साधारण ५ टक्के राहते, २५ मोजून थांबलं तर ती २० टक्क्यांवर जाते. म्हणून नियम असा, की एकाच नमुन्याचे दोन भाग घेऊन प्रत्येकात किमान २०० मोजायचे आणि दोन्ही आकडे जुळले नाहीत तर पुन्हा मोजायचं. घाईची लॅब हे करत नाही. नजरेने अंदाज घेऊन आकडा टाकणारे मीही पाहिलेत. लॅब कशी आहे हे ओळखायची एक खूण सांगते: शुक्राणूंच्या आकाराच्या रकान्यात 'नॉर्मल ७० टक्के' लिहिलं असेल तर तिथं आजचे कडक निकष लावलेले नाहीत. कडक निकषांत खालची मर्यादा अवघी ४ टक्के आहे, आणि मुलं असलेल्या कित्येक पुरुषांचा आकडाही फार वर जात नाही. तुमच्या '९६ टक्के विकृत' या भीतीचं उत्तर यातच आहे. त्यावरून मूल व्यंग असलेलं होईल असा अर्थ तर मुळीच निघत नाही.

रेघ वरखाली होते हे खरं. जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच पुस्तकाच्या १९९९च्या आवृत्तीत दर एमएलला २० मिलियन होती, २०१०मध्ये १५ झाली, २०२१च्या सहाव्या आवृत्तीत १६ आहे. पण ही रेघ येते कुठून ते बघा. ज्यांच्या बायकांना वर्षभराच्या आत दिवस गेले अशा पुरुषांचे नमुने गोळा केले, २०२१साठी १२ देशांतल्या साडेतीन हजारांहून जास्त जणांचे. ते चढत्या क्रमाने लावले आणि तळाचे ५ टक्के जिथं संपतात तिथं रेघ ओढली. म्हणजे रेघेखालचे हे ५ टक्केसुद्धा बाप झालेलेच लोक आहेत! रेघेच्या वर असणं ही हमी नव्हे आणि खाली असणं म्हणजे नापास नव्हे. रेघेपासून जितकं खाली जावं तितकी शक्यता कमी होत जाते आणि वेळ जास्त लागतो, इतकंच. अपवाद फक्त शून्याचा. तोही नमुना सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून, तळाशी बसलेला गाळ तपासून आणि दुसऱ्या नमुन्यात पडताळूनच सांगायचा असतो.

एका रिपोर्टवर आयव्हीएफ सुचवलं गेलं असेल तर तुमचा राग रास्त आहे. दुसरा नमुना, डॉक्टरांनी हाताने केलेली वृषणांची तपासणी, गरज पडली तर हार्मोन, हे सगळं आधी यायला हवं. व्हेरिकोसील, म्हणजे वृषणाभोवतीच्या फुगलेल्या शिरा, साधारण १५ टक्के पुरुषांत असतात. मूल होत नाही म्हणून तपासायला आलेल्यांत हे प्रमाण ३५ ते ४० टक्क्यांवर जातं. ते वीर्याच्या रिपोर्टात दिसत नाही, बोटांना कळतं. तुम्ही लिहिलेल्या एवढ्या हकिगतीत कोणी तुम्हाला हात लावून तपासल्याचं कुठेच दिसलं नाही. मला त्या दोन आकड्यांपेक्षा हे जास्त खटकलं. 'पस सेल ८-१०' (पूच्या, म्हणजे पांढऱ्या पेशी) बघून दिलेल्या अँटिबायोटिकचंही तसंच. साध्या काचेवर पांढऱ्या पेशी आणि कच्च्या शुक्राणूपेशी सारख्याच गोल दिसतात. त्या वेगळ्या ओळखायला खास रंग वापरावा लागतो.

'ताकदीत कमी नाही, वीर्य घट्ट आहे' हे तुमचं वाक्य मी रोज ऐकते. वीर्यात शुक्राणूंचा वाटा पाच टक्क्यांहूनही कमी असतो. नसबंदी झालेल्या माणसाचं वीर्य डोळ्यांना आधीसारखंच दिसतं. एसटी स्टँडच्या मागच्या भिंतींवर रंगवलेल्या जाहिराती नेमक्या याच गैरसमजावर चालतात.

आता 'बाईने लिहू नये'. लॅबमध्ये माझ्यापुढे डबी येते, तिच्यावर एक नंबर असतो. बाहेर बाकावर मात्र मला कोण दिसतं? सासूबरोबर आलेली सून. तिच्या सगळ्या रक्ततपासण्या झालेल्या असतात, सोनोग्राफी झालेली असते, गर्भनलिका मोकळ्या आहेत का ते पाहणारी, दुखणारी एचएसजी झालेली असते, कधी दुर्बिणीची शस्त्रक्रियासुद्धा. नवऱ्याचा साधा, काही शे रुपयांचा रिपोर्ट तेवढा राहिलेला असतो. मूल न होणाऱ्या साधारण निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचं काही ना काही कारण असतं, कधी एकटं, कधी दोघांत वाटलेलं. मूल व्हावं म्हणून त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळीच्या विधीला तीन दिवस देणारे मला भेटतात. त्यांच्या श्रद्धेला मी हात लावत नाही. माझी विनंती एवढीच असते, की येताजाता नाशिकमध्ये या तपासणीसाठी अर्धा तास थांबा.

आणि उघड बोलण्याबद्दल. १९७७मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका कारखान्यात डीबीसीपी नावाचं सूत्रकृमीनाशक बनत होतं. कामगार आपसात बोलू लागले तेव्हा लक्षात आलं, की त्या विभागात कित्येकांना मुलंच होत नाहीयेत. मग त्यांची वीर्यतपासणी झाली. कोणाचे आकडे तळाला गेलेले होते, कोणाचे शून्य. ते रसायन जमिनीतल्या सूत्रकृमींवर तिथल्या द्राक्षबागांतही वापरलं जायचं. आपल्याकडची आजची औषधं वेगळी आहेत आणि तुमचा काउंट फवारणीने कमी झाला असं मी म्हटलेलं नाही, आजही म्हणत नाही. फवारताना हातमोजे, मास्क आणि संपल्यावर आंघोळ, एवढंच त्या दोन ओळींत होतं. नाशिकच्या सातपूर-अंबडमधल्या फाउंड्रीत भट्टीपुढे आठ तास उभं राहणाऱ्यांनाही मी उष्णतेबद्दल सांगते, त्याने कारखान्यांची बदनामी झाली असं कोणी म्हणत नाही. वृषणं शरीरापेक्षा दोनतीन अंश थंड राहावी लागतात, म्हणून हे सांगावं लागतं.

पुढे काय, हा तुमचा खरा प्रश्न. शुक्राणू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस लागतात, वर अधिवृषणातून, म्हणजे वृषणामागच्या वेटोळ्या नळीतून, बाहेर यायला दीडेक आठवडा. म्हणजे आज दिसणारा काउंट हा तीन महिन्यांपूर्वीच्या तब्येतीचा हिशेब असतो. दिवाळीच्या सुमारास चिकनगुन्या झाल्याचं तुम्ही ओझरतं लिहिलंय. तो जोराचा ताप दोन्ही जानेवारी रिपोर्टांत उतरलेला असू शकतो. तेव्हा तंबाखू सोडून एप्रिलमध्ये तिसरा नमुना द्या, लॅबमध्येच, तीनचार दिवसांचं अंतर ठेवून, आणि ते अंतर, ताप, चालू औषधं सगळं अर्जावर लिहायला लावा. लग्नाला चार वर्षं झालीत आणि वहिनींचं वय ३३ आहे, म्हणून त्यांच्या तपासण्या तोवर थांबवू नका.

आणि जिमवाल्या मित्राने सुचवलेलं ते 'ताकदीचं' इंजेक्शन. कुपीवर टेस्टोस्टेरॉन किंवा कुठल्याही स्टेरॉइडचं नाव असेल तर घेऊ नका. बाहेरून हार्मोन मिळालं की मेंदू वृषणांना काम करायचा हुकूम देणं थांबवतो. अंगात जोर आल्यासारखं वाटतं आणि काउंट शून्यापर्यंत उतरू शकतो. बंद केल्यावर तो परत यायला कित्येक महिने लागतात, कधी वर्षाहून जास्त. घेऊन झालं असेल तर डॉक्टरांकडे गेल्यावर पहिली गोष्ट हीच सांगा, वहिनी शेजारी बसलेल्या असल्या तरी.