‘एचटीएमएल सोडा, थेट रिॲक्ट घ्या’ हे मला का पटत नाही

नारायण पेठेत कॉट बेसिसवर राहणाऱ्या माझ्या मावसभावाने परवा एक मेसेज पाठवला. पुण्यात कोर्स करणाऱ्या मुलांच्या ग्रुपांवर तो सध्या फिरतोय: ‘एचटीएमएल-सीएसएसवर महिना घालवू नका, थेट रिॲक्ट घ्या. टॅग एआय लिहून देतं, ही जुनी तंत्रं संपलीत आणि मुलाखतीत ती कुणी विचारत नाही.’ (एचटीएमएल म्हणजे वेबपानाची रचना टॅगांनी लिहायची भाषा, सीएसएस त्याचं रूप ठरवतं, जावास्क्रिप्ट ही पानाला हालचाल देणारी प्रोग्रामिंग भाषा आणि रिॲक्ट हे तिच्यातलं पानं बांधायचं तयार साधन.) खाली त्याचा प्रश्न, ‘दादा, मग सोडून देऊ का?’

नको सोडूस. एकेक मुद्दा घेतो.

‘टॅग एआय लिहून देतं.’ देतं, मीही रोज लिहून घेतो. पण लिहिलेलं बरोबर आहे का, हे कोण ठरवणार? डिव्हला, म्हणजे स्वतःचा काही अर्थ नसलेल्या साध्या चौकटीच्या टॅगला, क्लिक जोडलं की माउसवर ते बटणासारखंच चालतं. मात्र टॅब दाबत तिथे पोचता येत नाही, एंटर आणि स्पेसला ते दाद देत नाही, आणि स्क्रीन रीडर, म्हणजे पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, त्याला बटण म्हणत नाही. खऱ्या बटण टॅगला हे सगळं ब्राउझरकडूनच मिळतं. आमच्याकडे दुरुस्तीला आलेल्या एका अर्जात ‘पुढे जा’ हा असाच डिव्ह होता. चाचणीला आलेल्या, दृष्टी नसलेल्या एक ताई सगळा अर्ज भरून नेमक्या तिथे अडकल्या. तो कोड रिॲक्टमध्येच लिहिलेला होता. त्यांचा अर्धा तास वाया गेला, याचं मला आजही वाईट वाटतं.

मराठी पानांना तर याची जास्त गरज आहे. वीट (Vite) या नवा प्रकल्प सुरू करून देणाऱ्या साधनाच्या तयार साच्यात पानाची भाषा ‘ईएन’, म्हणजे इंग्रजी, अशी लिहिलेली असते. ती बदलून ‘एमआर’, म्हणजे मराठी, केली नाही, तर स्क्रीन रीडर मराठी मजकूर इंग्रजी आवाजात वाचू पाहतो. इंग्रजीत शोभणारं लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधलं वाढीव अंतर) देवनागरीवर लावलं तर शिरोरेषा तुटते. जावास्क्रिप्टला ‘पुणे’ या शब्दाची लांबी विचारा, ती ४ सांगेल, कारण उकार आणि मात्रा ती वेगळ्या मोजते. अक्षरमर्यादा घालताना हे माहीत नसेल, तर मराठी माणसाचं नाव अर्ध्यात कापलं जातं. यातलं काहीही रिॲक्ट आपणहून सांभाळत नाही.

‘जुनी तंत्रं संपलीत.’ इथे गोष्ट नेमकी उलटी आहे. टिम बर्नर्स-ली यांचं १९९१ चं पहिलं संकेतस्थळ आजच्या ब्राउझरमध्ये उघडतं. उलट २०१० मध्ये आलेल्या अँग्युलरजेएस या रिॲक्टसारख्याच साधनाचा आधार २०२१ अखेर थांबला. रिॲक्टच्या कोर्सांत पहिल्याच दिवशी शिकवलं जाणारं, प्रकल्प सुरू करून देणारं क्रिएट रिॲक्ट ॲपही फेब्रुवारी २०२५ मध्ये नव्या प्रकल्पांसाठी बाद ठरलं. आणि सीएसएस काही थांबलेलं नाही. गेले काही आठवडे मी त्याचंच वाचतोय. पान आडव्या-उभ्या रकान्यांत मांडणारं ग्रिड २०१७ मध्ये आलं. कंटेनर क्वेरी (भोवतीच्या चौकटीच्या रुंदीप्रमाणे रूप बदलणं) फेब्रुवारी २०२३ पासून आणि ‘हॅज’ सिलेक्टर (आत काय आहे त्यावरून घटक निवडणं) त्याच वर्षीच्या डिसेंबरपासून सगळ्या प्रमुख ब्राउझरांत आहे. कार्ड अरुंद रकान्यात गेलं की त्याची मांडणी बदलावी, एवढ्यासाठी पूर्वी मी जावास्क्रिप्टने रुंदी मोजत बसायचो. आता ते चार ओळींच्या सीएसएसमध्ये होतं.

‘मुलाखतीत विचारत नाहीत.’ जाहिरातीत रिॲक्टच लिहिलेलं असतं, हे खरं. पण बाणेरला मी मुलाखती घेतो तेव्हा पी टॅगच्या (परिच्छेदाच्या टॅगच्या) आत डिव्ह ठेवलेलं रिॲक्टचंच पान दाखवतो आणि हायड्रेशनची, म्हणजे सर्व्हरवरून आलेल्या तयार पानाला रिॲक्ट जोडून घेतानाची, चूक का येते ते विचारतो. डिव्ह दिसला की ब्राउझर पी तिथेच बंद करतो. मग सर्व्हरवरून आलेलं पान आणि रिॲक्टची मांडणी जुळत नाही. रिॲक्टची ही चूक एचटीएमएल येणाऱ्यालाच उमगते.

रिॲक्ट शीकच, माझंही घर त्यावर चालतं. पण आधी रविवारी लॅपटॉप घेऊन घरी ये. नाव, पत्ता आणि एक बटण एवढाच अर्ज साध्या एचटीएमएलमध्ये लिही. माउस बाजूला ठेवून तो नुसत्या कीबोर्डवर भरून पाहू.