शेगडीची दोरी

आमच्या घरातली सर्वांत महत्त्वाची वस्तू कोणती असं विचारलं, तर मुलगी वायफाय म्हणेल, बायको कॉफीचं यंत्र म्हणेल. मी म्हणेन, दोरी. करंगळीएवढी जाड, करड्या रंगाची, काचतंतूंची विणलेली दोरी. बैठकीतल्या बिडाच्या शेगडीच्या दाराला ती आतून चारी बाजूंनी चिकटवलेली असते आणि आमचा अख्खा हिवाळा तिच्यावर टांगलेला असतो.

आम्ही राहतो अमेरिकेत, व्हरमाँटमध्ये. इथे जानेवारीत पारा उणे २० अंश सेल्सिअसपर्यंत सहज उतरतो. बर्फाच्या भारानं फांद्या तारांवर पडल्या की वीजही जाते. त्यामुळे पुष्कळ घरांत लाकडाची शेगडी असतेच. लाकूड मिळतं कॉर्डच्या हिशेबानं. कॉर्ड म्हणजे ४ फूट रुंद, ४ फूट उंच आणि ८ फूट लांब असा नीट रचलेला ढीग. ट्रकवाला मात्र तो 'नीट रचलेला' आणत नाही. अंगणात ओततो आणि हात हलवत निघून जातो. रचणं हा आपला व्यायाम.

शेगडीचं तंत्र ऐकायला सोपं आहे. दार घट्ट लावायचं आणि हवेचा खटका सरकवून, आपल्याला वाटेल तेवढीच हवा आत सोडायची. हवा जास्त तर आग जास्त, हवा कमी तर आग कमी. रात्री दोन जाड ओंडके घालून खटका ओढला की ते सावकाश जळत राहतात. सकाळी राखेखाली निखारे सापडतात, त्यांवर बारीक लाकूड ठेवलं की काडी ओढायचीही गरज नाही. पण वर्षानुवर्षांच्या धगीनं दोरी चपटी होते, टणक होते, तिचे धागे सुटायला लागतात. मग दार लावूनही ते लागलेलं नसतं. फटीतून हवा विनापरवाना आत जाते. तुम्ही खटका कितीही ओढा, आत आगीनं स्वराज्य जाहीर केलेलं असतं. शेगडीवरच्या तापमापकाचा काटा लाल पट्ट्यात जाऊन बसतो. असं रोज व्हायला लागलं तर बिडाला तडा जाऊ शकतो. आणि निखाऱ्यांचं म्हणाल, तर मध्यरात्रीच सगळी राख.

हे इथवर मला नीट कळत होतं. ते सासूबाईंना समजावून सांगणं हे खरं संकट होतं.

सासूबाई कराडजवळच्या खेड्यातल्या. बालपण चुलीपुढे गेलं, संसार बंबापुढे. लेकीकडे सहा महिन्यांसाठी आल्या त्या नेमक्या हिवाळ्यात, कारण उन्हाळ्यात त्यांच्या हळदीची लावण असते आणि ती कुणावर सोडवत नाही. आल्या दिवशी त्यांनी शेगडीला एक प्रदक्षिणा घातली, काचेतून आत वाकून पाहिलं आणि विचारलं, "फुंकणी कुठंय?"

"आई, हिला फुंकणी लागत नाही."

"मग ही दोरी कशाला आणायची म्हणताय?"

"फटीतून हवा आत जाते ना, ती थांबवायला."

सासूबाई बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिल्या. "आवो जावईबापू, जाळाला वारं मिळावं म्हणून आमी फुंकून फुंकून डोळं लाल केलं. आन् तुमी पैशे देऊन वारं अडवताय?"

यावर माझ्याकडे उत्तर होतं, पण ते द्यायला धुरातल्या वायूंचं दुसऱ्यांदा जळणं आणि १९८८ पासून अमेरिकेत शेगड्यांच्या धुरावर असलेले सरकारी नियम इतकं सगळं सांगावं लागलं असतं. आजच्या नव्या शेगडीनं तासाला साधारण २ ग्रॅमपेक्षा जास्त कण बाहेर सोडायचे नाहीत, असा दंडक आहे. धूर ग्रॅममध्ये मोजतात हे सासूबाईंना सांगायची माझी छाती झाली नाही. त्यांच्या परड्यातल्या चुलीनं एका भाकरीत व्हरमाँटचा वर्षाचा कोटा संपवला असता.

दोरी आणायला हार्डवेअरच्या दुकानात गेलो. तिथे भिंतीवर रिळांची रांग. तीन अष्टमांश इंच, अर्धा इंच, पाच अष्टमांश, पाऊण. पाव, निम्मं, पाऊण इथवर आपलं बरं चालतं. इंचाचे आठ तुकडे करून त्यातले पाच उचलायचे म्हटलं की मला चौथीतले गुरुजी आठवतात. जाडी कमी पडली तर फट राहते, जास्त झाली तर दारच लागत नाही. जुनी दोरी मोजून उपयोग नाही, कारण ती चेपून चपाती झालेली. मोजायची ती दाराची खाच. त्यात पुन्हा एकाच जाडीच्या दोरीत घट्ट विणीची आणि सैल विणीची, असे दोन स्वभाव.

"मॉडेल कुठलं?" काउंटरवरच्या आजोबांनी विचारलं.

मॉडेलचा पत्रा शेगडीच्या पाठीमागे असतो. शेगडीची पाठ भिंतीकडे असते. ज्यानं हे ठरवलं त्याला कधी तिथे फोन घालून, गाल विटांना टेकवून, आंधळेपणानं फोटो काढावा लागलेला नाही. माझ्या फोनमध्ये आता कोळिष्टकांचा एक सुंदर संग्रह आहे. त्यातल्या एकात मॉडेलचा नंबर अर्धा दिसतो.

लाकडाच्या शेगडीचं नाव काढलं की अमेरिकन माणूस बेंजामिन फ्रँकलिनचं नाव काढतो. आजोबांनीही काढलं. फ्रँकलिननं १७४०च्या दशकात खोलीत जास्त ऊब राहील अशी लोखंडी शेगडी बनवली, १७४४मध्ये तिची माहिती देणारी पुस्तिकाही काढली, आणि पेटंट देऊ केलं तरी घेतलं नाही. थोर माणूस. पण मी घरी येऊन तिचं चित्र पाहिलं, तर त्याच्या शेगडीला पुढच्या बाजूनं दारच नव्हतं! दार नाही म्हणजे दोरी नाही. पेटंट सोडून देणं हा उदारपणा असेल, दार न लावणं हा शहाणपणा.

शनिवारी सकाळी कामाला हात घातला. शेगडी आदल्या रात्रीपासून गार ठेवली होती, त्यामुळे घरही गार होतं. तळघरातली तेलाची भट्टी आपल्या परीनं धापा टाकत होती. राख झाकणाच्या लोखंडी बादलीत काढली. राखेत निखारा दिवसदिवस जिवंत राहतो, तिला कागदी पिशवीत भरणारे लोक पुढे अग्निशमन दलाच्या ओळखीचे होतात. बिजागऱ्यांच्या खिळांवरून दार वर उचलून काढलं. ते दिसतं जेवणाच्या ताटाएवढं आणि वजन असतं पाहुण्यांच्या बॅगेएवढं. जमिनीवर गोधडी अंथरून तिच्यावर ते पालथं ठेवलं. गोधडी सासूबाईंची होती. ही माहिती त्यांना नंतर मिळाली.

जुनी दोरी ओढली तर निम्मी हातात आली आणि निम्मी खाचेत राहिली. (फार जुन्या शेगड्यांच्या दोऱ्या ॲसबेस्टॉसच्या, म्हणजे श्वासातून गेल्यास घातक तंतूंच्या, असत, तशी शंका असेल तर त्या वाटेला जाऊ नये. आमची शेगडी त्या मानानं तरुण.) मी मास्क लावला, मुलीनं मास्क लावून वर पोहण्याचा गॉगलही चढवला, आणि आम्ही खाच खरवडायला बसलो. दोरी चिकटवणारं जुनं सिमेंट दगड झालेलं असतं. स्क्रू ड्रायव्हर, वायर ब्रश, पुन्हा स्क्रू ड्रायव्हर. खाचेचा धातू दिसेपर्यंत सुटका नाही, नाहीतर नवं सिमेंट धरत नाही. सासूबाई शाल, स्वेटर, कानटोपी अशा थरांतून आमच्याकडे पाहत होत्या.

"नारळाची शेंडी आन् राखुंडी घ्या," त्या म्हणाल्या.

हसू नका. वायर ब्रशचे दात झिजल्यावर, कोपऱ्यांसाठी आम्ही शेवटी तेच केलं. शेंडीऐवजी भांडी घासायचा तारेचा चोथा, एवढाच फरक.

मग ते सिमेंट. काळंकुट्ट, दाट, नळीतून पिळून काढायचं. खाचेत त्याची एकसारखी रेघ ओढायची आणि वर दोरी दाबत जायची. इथे एकच नियम आहे आणि तो माणसाच्या स्वभावाविरुद्ध आहे: दोरी ताणायची नाही. ताणली की ती बारीक होते आणि ज्या फटीसाठी हा सगळा खटाटोप, ती फट तशीच राहते. पण हातात दोरी आली की माणूस ओढतोच. मी ओढत होतो, मुलगी ओरडत होती. शेवटी सासूबाई उठल्या, मला बाजूला केलं आणि केसांत गजरा माळावा तशी ती दोरी त्यांनी अलगद खाचेत बसवत नेली. कोपऱ्यावर किंचित ढील, पुढे पुन्हा सरळ. जिथे कापायची तिथे आधी चिकटपट्टी गुंडाळायची, म्हणजे टोक उसवत नाही, हे मी सांगण्याआधी त्यांनी मागितली ती चिकटपट्टीच.

"लुगड्याच्या दशा बांधतात का न्हाई," एवढंच म्हणाल्या.

दार परत चढवलं. नवी दोरी फुगीर असते, दार लागेना. कडीचा स्क्रू सैल करून कसंबसं लावलं. आता परीक्षा. शेजाऱ्यानं शिकवलेली पद्धत अशी: दाराच्या फटीत डॉलरची नोट धरायची, दार लावायचं आणि नोट ओढायची. अडकत अडकत आली तर दोरी पक्की, सुळकन आली तर तिथे गळती. असं चहूबाजूंनी करत जायचं.

"फ्रँकलिन शंभराच्या नोटेवर असतो," मुलगी म्हणाली. "त्याचीच शेगडी, त्यालाच ओढूया."

बायकोनं पर्स जवळ घेतली. अखेर वॉशिंग्टनवर भागवलं. एक डॉलरचा तो राष्ट्राध्यक्ष वरच्या कडेला अडकला, खालच्या कडेला अडकला, कडीपाशी तर जवळजवळ फाटला. मी समाधानानं चहा मागितला.

सिमेंट सुकू दिलं आणि मग पहिली आग अगदी छोटी लावली, कारण सिमेंट हळूहळू तापवत पक्कं करायचं असतं. ते पक्कं होताना वास सोडतं. तो वास छतावरच्या धूरसूचकाला आवडला नाही. त्याच्या किंकाळ्यांत खिडक्या उघडल्या गेल्या आणि घर उबदार करण्याच्या कार्यक्रमात बाहेरची उणे १२ अंशांची हवा आमच्यात बसायला आली. सासूबाई काही बोलल्या नाहीत. कानटोपीची गाठ तेवढी आवळली.

संध्याकाळी आग छान धरली. खटका ओढला तशी ज्वाळ शहाण्यासारखी खाली बसली. सासूबाईंनी देवापुढे दिवा लावला, उदबत्ती ओवाळली आणि सवयीनं अग्नीलाही ओवाळायला शेगडीपुढे आल्या. मी काहीतरी विजयी बोलणार, तोच त्या थांबल्या.

"जावईबापू, हितं बगा."

उदबत्तीचा धूर सगळीकडे सरळ वर जात होता. दाराच्या काचेच्या डाव्या कोपऱ्याशी आला की मान वाकडी करून आत शिरत होता. त्याच कोपऱ्यात काचेवर काळा पट्टा पडलेला होता, जो मी गेला हिवाळाभर राखेनं पुसत आलो होतो. काचेभोवती फट बुजवणारं आणखी एक गॅस्केट असतं. दोरी नव्हे, चपटी पट्टी. ती बदलायला काच काढावी लागते आणि काच धरणारे चारही स्क्रू गंजून बिडाशी एकजीव झालेले असतात. असं शेजाऱ्यानं सांगितलं, आणि सांगताना त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

तोवर सासूबाई उदबत्ती घेऊन शेगडीच्या पाठीमागे गेल्या होत्या, धुराड्याचा नळ जिथे जोडलेला असतो तिथे. "हिकडं बी जरा..." असं त्यांचं सुरू झालं, तेव्हा बायकोनं मला स्वयंपाकघरात ओढलं आणि उदबत्त्यांचा पुडा फ्रीजरमध्ये वाटाण्यांच्या पिशवीमागे दडवला. त्यांच्या बॅगेत अजून बारा पुडे आहेत, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं. "हितं चांगली मिळत न्हाई म्हणून आणल्या," असं त्या म्हणाल्या, आणि एक पेटवून तळघराच्या दाराकडे निघाल्या.