जँगोची बोटं तुटली नव्हती

जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्टवरचा एक फॉरवर्ड ‘सुप्रभात’वाल्या गटांवर अधूनमधून उगवतो. सारांश असा : अडाणी जिप्सी पोरगा, आगीत दोन बोटं तुटली, मग जिद्दीने गिटार हाती घेतली, उरलेल्या दोन बोटांनी जग जिंकलं. आग लागली नसती तर जँगो घडलाच नसता!

आग लागली होती, एवढं खरं. १९२८ साली पॅरिसच्या वेशीवर उभ्या असलेल्या त्याच्या कॅराव्हॅनमध्ये, म्हणजे चाकांवरच्या घरात, मेणबत्तीमुळे आग लागली आणि बायकोने विकायला करून ठेवलेली सेल्युलॉइडची फुलं भडकली. पण बोटं तुटली नाहीत. डाव्या हाताची अनामिका आणि करंगळी भाजून आत वळली, आखडली. डॉक्टर कापायला निघाले होते तो पाय, आणि तोही त्याने कापू दिला नाही.

‘मग गिटार हाती घेतली’ हे तर उलटंच सांगणं झालं. कोवळ्या वयातच तो पॅरिसच्या नाचघरांत अकॉर्डियनवाल्यांना बँजो-गिटारची (बँजोच्या अंगाची, पण गिटारसारखी सहा तारांची) साथ करून पैसे कमवत होता. आगीआधी त्याचं वादन ध्वनिमुद्रितही झालं होतं, आणि लंडनचा बडा बँडवाला जॅक हिल्टन त्याला आपल्याकडे घेऊ पाहत होता. आगीने हातातोंडाशी आलेला घास हिरावला. दीड वर्ष उपचारांत गेलं.

‘दोन बोटांनी’ हे अर्धसत्य. एकल वादनात तर्जनी आणि मधलं बोट पळायचं, म्हणून त्याच्या ताना तारा ओलांडण्यापेक्षा एकाच तारेवर वर-खाली जास्त धावतात. पण कॉर्ड (एकदम वाजणारे अनेक स्वर) धरताना ती आखडलेली बोटंही तो वरच्या दोन बारीक तारांवर टेकवायचा. आणि उजव्या हाताचं काय? फॉरवर्डमध्ये त्याचं नावच नाही. मायक्रोफोनविना नाचघराच्या कल्लोळात गिटार ऐकू जायची ती त्याच्या बळावर : मोकळं मनगट, आणि तार बदलली की पिकचा (तार छेडायच्या पट्टीचा) आघात खालच्या दिशेने. माझ्या मते निम्मा जँगो तिथे आहे.

‘अडाणी’ म्हणाल तर शाळा झाली नव्हती, स्वरलिपी वाचता येत नव्हती. पण डोक्यात रचलेलं संगीत तो क्लॅरिनेटवादक जेरार लेव्हेककडून उतरवून घ्यायचा. त्याची ‘न्वाज’ ही रचना १९४० ची, नाझींच्या ताब्यातल्या पॅरिसमधली. याच राजवटीत जिप्सींची छावण्यांत रवानगी होत होती.

राहिला शेवटचा दावा. जँगोला घडवलं ते अमेरिकन ट्रंपेटवादक लुई आर्मस्ट्राँगच्या तबकड्यांनी, फ्रान्सकडच्या मानुश जिप्सींच्या वादनपरंपरेने आणि १९३४ पासून स्तेफान ग्रापेलीच्या व्हायोलिनने. त्यांच्या पंचकात ना ड्रम होते ना ट्रंपेट. ठेका धरायला आणखी दोन गिटार आणि बास. हे आगीतून येत नाही.

फॉरवर्डवाल्यांच्या बाजूने एक दाखला मात्र द्यायलाच हवा. बर्मिंगहॅमच्या कारखान्यात बोटांची टोकं गमावलेल्या गिटारवादक टोनी आयोमीला फोरमनने जँगोची रेकॉर्ड ऐकवली, तेव्हा कुठे तो पुन्हा गिटारकडे वळला आणि पुढे त्याची ‘ब्लॅक सबाथ’ ही हेवी मेटल बँड उभी राहिली. पण आधी त्याने वादन ऐकलं आणि ते त्याला आवडलं. फोरमनने हाताची हकिगत सांगितली ती नंतर, आणि उभारी मिळाली ती दोन्हींतून.

आणि आगच जर गुरू असेल, तर बिरेली लाग्रेन आणि स्टोचेलो रोझेनबर्ग या गिटारवादकांचं काय करायचं? दोघांची बोटं शाबूत, दोघेही जिप्सी घरांतले, आणि लहानपणी दोघांनी गिरवला तो जँगोच.