डीडीला 'डायरेक्ट' लावून नेमकं काय होतं?

डीडी म्हणजे लिनक्सवर डेटा जसाच्या तसा उतरवणारा प्रोग्राम; आयएसओ (इन्स्टॉल करायच्या डिस्कची इमेज फाइल) पेनड्राइव्हवर टाकायला तो वापरतात. त्याच्याबद्दल सध्या एक सल्ला बराच फिरतोय: "पेनड्राइव्हवर लिनक्सची आयएसओ टाकताना डीडीला ओफ्लॅग=डायरेक्ट लावा. वेग वाढतो. डेटा थेट डिस्कवर जातो, म्हणून प्रॉम्प्ट आला की पेनड्राइव्ह खुशाल उपसा. इनव्हॅलिड आर्ग्युमेंट आलं तर पेनड्राइव्ह मेला समजा."

आधी वेगाचं. डायरेक्ट लावलं की कर्नलचा (लिनक्सच्या गाभ्याचा) पेज कॅशे, म्हणजे डेटा आधी रॅममध्ये साठवायची जागा, बाजूला राहतो आणि एक तुकडा ड्राइव्हने घेतल्याशिवाय डीडी पुढचा पाठवत नाही. बीएस (तुकड्याचा आकार) दिलं नाही तर तुकडा ५१२ बाइटचा. ४ जीबीच्या इमेजला ८३,८८,६०८ फेऱ्या! बीएस=४एम दिलं की फेऱ्या उरतात १,०२४. म्हणजे सल्ला देणाऱ्याचं काम झटपट झालं असेल, तर त्याचं श्रेय बहुधा बीएसचं.

डायरेक्टचा फायदा वेगळाच आहे. तो नसताना प्रोग्रेसचा आकडा सुरुवातीला सुसाट पळतो, कारण लिखाण रॅममध्ये चाललेलं असतं. शेवटाला येऊन टर्मिनल थिजतं, पेनड्राइव्हचा दिवा मात्र लुकलुकत राहतो. हँग झालं समजून मीही एकदा तिथेच उपसलाय, आणि अर्थातच ती इमेज बूट झाली नाही. डायरेक्टमध्ये आकडा रडतखडत सरकतो, पण खरा असतो. शिवाय एका आयएसओपायी कॅशेतल्या बाकीच्या फाइली बाहेर फेकल्या जात नाहीत.

"खुशाल उपसा" हे मात्र धोक्याचं. लिनक्सच्या ओपन कॉलचं (फाइल उघडायच्या सोयीचं) मॅन्युअल स्वच्छ सांगतं की ओ_डायरेक्ट, म्हणजे हाच डायरेक्ट, एकटा ओ_सिंकची (डेटा पक्का लिहिला गेल्याची) हमी देत नाही. ड्राइव्हचा स्वतःचा कॅशे असू शकतो, तो रिकामा करायला डीडीला कॉन्व्ह=एफसिंक द्यावं लागतं.

पेनड्राइव्ह मेल्याचं म्हणाल, तर बहुतेक वेळा मेलेला नसतोच. डायरेक्टला बफरचा (रॅममधल्या डेटाचा) पत्ता, ऑफसेट (ड्राइव्हवर लिहायची जागा) आणि लांबी सेक्टरच्या (ड्राइव्हच्या सगळ्यात लहान तुकड्याच्या) पटीत लागते, ५१२ किंवा ४०९६ च्या. बीएस=१००० देऊन बघा, धडधाकट ड्राइव्हवरही तीच एरर मिळेल.

मग आयएसओचा शेवटचा अपुरा तुकडा कसा लिहिला जातो? जीएनयू डीडी (लिनक्सवर सहसा असणारा डीडी) त्या तुकड्यासाठी डायरेक्टचा झेंडा (फ्लॅग) गुपचूप उतरवतो, साध्या मार्गाने लिहितो आणि शेवटी एफसिंकही स्वतःच करतो. सोय छान आहे, पण गोम तिथेच. उतरवलेला झेंडा तो परत चढवत नाही. एक्सझेडकॅटमधून (दाबलेली इमेज उलगडणाऱ्या कमांडमधून) पाइपने थेट डेटा येत असेल, तर एका वाचनात सहसा ६४ केबीच्या वर काही हाती लागत नाही. ४ एमबीच्या मानाने पहिलाच तुकडा अपुरा, आणि डायरेक्ट तिथेच बंद! पुढची सगळी इमेज कॅशेतूनच जाते, इशारा एका अक्षराचाही नाही. पाइप असेल तर आयफ्लॅग=फुलब्लॉक (तुकडा पूर्ण भरेपर्यंत वाचत राहा) लावा, नाहीतर ओफ्लॅग=डायरेक्ट टाइप करायचे कष्ट तरी वाचवा.